जीमेल भरले? आधी कागद सोडवून घ्या, मग पुसायला बसा

जीमेलची १५ जीबी जागा भरली की तुम्हाला मेल पाठवता येत नाही, आणि तुमच्या नावाने आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाठवता येत नाही हे लगेच लक्षात येते. आलेला मेल परत गेला हे मात्र तुम्हाला कळतच नाही. वकिलाने कळवलेली सुनावणीची तारीख, बोटीवरच्या मुलाने पाठवलेली कागदपत्रे, बँकेचे पत्र यांतले काहीही दारातून परत जाऊ शकते.

अशा वेळी माणूस घाबरून फोन हातात घेतो आणि समोर दिसेल ते पुसत सुटतो. तासभर बोट झिजवून जागा मोकळी होते चिमूटभर, आणि त्यात एखादा कामाचा कागदही जातो. गोव्यातल्या घरांत हे फार महाग पडू शकते. जमिनीचे कागद, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्याचे) प्रकरण, भावंडांच्या वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया), परदेशातल्या काकांनी पाठवलेले मुखत्यारपत्र हे सगळे गेल्या काही वर्षांत मेलवरूनच घरोघरी फिरले आहे. कित्येक कुटुंबांत वडिलांचा इनबॉक्स हीच कागदांची पेटी झाली आहे. म्हणून या लेखातला क्रम पाळा: जागा कुठे गेली ते पाहणे, मग वाचवणे, मग जड मेल पुसणे, आणि किरकोळ पसारा सगळ्यात शेवटी.

इशारा खरा आहे ना?

‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, २४ तासांत इथे क्लिक करा नाहीतर खाते बंद होईल’ अशा मजकुराचे मेल फसवणूक करणारेही पाठवतात. त्यातल्या लिंकवर गेले की जीमेलसारखेच दिसणारे पान उघडते आणि पासवर्ड मागते. तिथे पासवर्ड टाकला की खाते दुसऱ्याच्या हातात गेले.

म्हणून जागा भरल्याचा मेल कोणाकडूनही आला तरी त्यातली लिंक उघडू नका. ब्राउझरमध्ये स्वतः जीमेल उघडा. संगणकावर पानाच्या अगदी तळाशी डावीकडे १५ जीबीपैकी किती जागा वापरली ते लिहिलेले असते. तिथला आकडा १५ च्या जवळपासही नसेल, तर तो मेल खोटा. चुकून पासवर्ड दिला गेला असेल तर तो ताबडतोब बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

जागा नेमकी कोणी खाल्ली

ही १५ जीबी एकट्या जीमेलची नाही. २०१३ पासून ती जीमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोज यांच्यात मिळून आहे. त्यामुळे ‘इनबॉक्स भरला’ असे दिसत असले तरी दोष पुष्कळदा इनबॉक्सचा नसतोच.

संगणकावर किंवा फोनवर वन डॉट गूगल डॉट कॉम हे पान उघडा, पत्ता अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचा. तिथे स्टोरेजवर गेलात की फोटोज, ड्राइव्ह, जीमेल आणि व्हॉट्सअॅपसारख्या अॅपांचे बॅकअप यांनी किती किती जागा घेतली ते वेगवेगळे दिसते. हे आकडे कागदावर उतरवा. पुढचा सगळा निर्णय त्यांवर ठरतो. जीमेल २ जीबी आणि फोटोज ११ जीबी असतील, तर मेल पुसण्यात दिवस घालवण्यात अर्थ नाही.

अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात धरत नसत. २०२३ च्या अखेरीला गूगलने तो धरायचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये तो हळूहळू सगळ्यांना लागू झाला. आपल्याकडे देवस्थानचा एक ग्रुप, वाड्याचा एक, नाटकाच्या तालमीचा एक, शाळेतल्या वर्गमित्रांचा एक असे ग्रुप असतातच. जत्रेच्या रात्री आणि शिगम्याच्या मिरवणुकीला प्रत्येक जण व्हिडिओ टाकतो. ते सगळे व्हिडिओ रात्री बॅकअपमध्ये जातात आणि सकाळी जीमेल म्हणते जागा संपली.

उपाय सोपा आहे. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, आणि तिथे ‘इन्क्लुड व्हिडिओज’ बंद करा. घरचे जपण्यासारखे व्हिडिओ आधी संगणकावर उतरवून घ्या. मग तिथेच ‘बॅक अप’ दाबून नवा बॅकअप घ्या. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो, आणि इनबॉक्सला हात न लावता मोठी जागा सुटते.

पुसण्याआधी: कोणते कागद सोडवायचे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. चवथीला मुले घरी येतात, पाऊस असतो, बाहेर फारसे जाता येत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून हे काम करणे सर्वांत बरे. कारण कुठला कागद कशाचा हे वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते, आणि तो शोधायचा कसा हे मुलांना.

कागदांचे मनाशी दोन भाग करा. पहिला भाग पुन्हा मिळू शकणाऱ्या कागदांचा. जमिनीच्या हक्कनोंदीचा एक-चौदाचा उतारा, वीज बिल, आधारची प्रत, कापलेला आयकर दाखवणारा २६-एएस हे सगळे संबंधित खात्याच्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयातून परत काढता येते. त्यांची मेलमधली प्रत गेली तर गैरसोय होईल, नुकसान नाही.

दुसरा भाग घरातून गेला की गेलाच असा. आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज भाषेतल्या खरेदीखताचे स्कॅन, जे कोणा चुलत्याने एकदाच सर्वांना पाठवले होते. इन्व्हेंटरीच्या वेळी भावंडांनी एकमेकांना लिहिलेल्या संमतीच्या मेल. घर भाड्याने देताना झालेला पत्रव्यवहार. बिल्डरने फ्लॅटच्या ताब्याची तारीख लेखी कळवलेला मेल. जमिनीच्या रूपांतराच्या सनदेसाठी केलेला पाठपुरावा. मूळ खताची नक्कल सरकारी दफ्तरातून निघू शकते, पण ती शोधायला लागणारा सर्व्हे नंबर, तारीख, नोटरीचे नाव पुष्कळदा त्या स्कॅनवरच असते.

आता शोध कसा घ्यायचा. जीमेलच्या शोधपेटीत वकिलाचे नाव, सर्व्हे नंबर, गावाचे नाव, वाड्याचे नाव, भावंडांची नावे एकेक करून टाका. नावांचे स्पेलिंग बदलून पाहा. डिचोली आणि बिचोलिम, म्हापसा आणि मापुसा, साखळी आणि सांकेलिम अशी आपल्या गावांची दोन-दोन रूपे आहेत. पाठवणाऱ्याने कुठले वापरले असेल ते सांगता येत नाही. सापडलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मेलला चांदणी लावा. पुढे पुसताना चांदणी लावलेले मेल ओळखता येतील आणि यादीतून वगळता येतील.

चांदणी लावलेल्या मेलच्या प्रती घरच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा. नुसती फाईल हवी असेल तर अटॅचमेंट डाउनलोड करा आणि तिला वाचून कळेल असे नाव द्या: वर्ष, जागा, कागदाचा प्रकार. ‘स्कॅन००१’ या नावाची फाईल दहा वर्षांनी कोणालाच ओळखता येणार नाही. वादाशी संबंधित पत्रव्यवहार असेल तर मात्र नुसती अटॅचमेंट पुरत नाही. कोणी, कोणाला, केव्हा कळवले हे त्या मेलमध्येच असते. अशा वेळी संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि ‘डाउनलोड मेसेज’ निवडा. पत्ते, तारीख, अटॅचमेंट यांसह अख्खा मेल एका फाईलमध्ये उतरतो. वादाचा पत्रव्यवहार उतरवून झाल्यावरही जीमेलमधून पुसू नका. प्रकरण निकाली निघेपर्यंत तो आहे तिथेच राहू द्या.

मेल फार असतील तर टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम या पानावरून एकदम उतरवता येतात. आधी सगळ्या निवडी काढून टाका, मग फक्त मेल निवडा, आणि त्यातही सगळे मेल न घेता चांदणी लावलेल्यांचेच लेबल निवडा. तयारी पूर्ण झाली की गूगल लिंक मेलने पाठवते. ती काही दिवसच चालते, तेव्हा उशीर करू नका. फाईलचा तुकडा २ जीबीचा ठेवा. पावसात सत्तरी किंवा धारबांदोड्याकडे लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि मोठी फाईल मधेच तुटली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एमबॉक्स प्रकारची ही फाईल उघडायला थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम चालतो, त्याला आयातीचे पूरक साधन जोडावे लागते. मागितलेली लिंक इनबॉक्सच भरलेला असल्यामुळे पोचणार नाही अशी शंका असेल, तर थोडे थांबा. आधी व्हॉट्सअॅपचा बॅकअप हलका करून जागा करा, मग टेकआउट मागवा.

प्रती दोन ठेवा, आणि दोन वेगळ्या घरांत. एक तुमच्याकडे, एक भावाकडे किंवा मुलीकडे. आपल्या दमट हवेत पेन ड्राइव्ह उघडा पडून राहू देऊ नका, आणि वर्षातून एकदा तरी जोडून फाईल उघडते का ते पाहा.

संगणकावर बसा, आणि एक सेटिंग बदला

यापुढचे काम फोनवर करू नका. जीमेलचे फोनवरचे अॅप रोजच्या वापराला उत्तम आहे, पण हजारोंनी मेल निवडून पुसायची सोय खऱ्या अर्थाने संगणकावरच आहे. घरी संगणक नसेल तर नातलगाचा लॅपटॉप मागा. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसावे लागलेच तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून काम करा, पासवर्ड जतन करू का या प्रश्नाला नाही म्हणा, आणि उठण्यापूर्वी साइन आउट करा. जमिनीचे कागद मात्र अशा ठिकाणी उतरवू नका, ते त्या यंत्रात मागे राहतात.

आता ते सेटिंग. जीमेल एकाच विषयावरचे सगळे मेल एका गठ्ठ्यात दाखवते, याला कॉन्व्हर्सेशन व्ह्यू म्हणतात. वाचायला हे सोयीचे, पुसायला धोक्याचे. समजा मामेभावाने लग्नाचे २० एमबीचे फोटो पाठवले, आणि त्याच मेलला उत्तर देत पुढे दोघांत जमिनीच्या मोजणीबद्दल बोलणे झाले. तुम्ही फोटोंचा जड मेल शोधून पुसलात की गठ्ठ्यातले मोजणीचे बोलणेही सोबत जाते.

म्हणून वर उजवीकडे दातेरी चाकाच्या चिन्हावर दाबा, ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा, जनरल या पानावर कॉन्व्हर्सेशन व्ह्यू ऑफ करा आणि तळाशी जाऊन बदल जतन करा. आता प्रत्येक मेल वेगळा दिसेल. सफाई झाल्यावर हवे तर पुन्हा चालू करा.

वजनदार मेल आधी

जागा मेलच्या संख्येने भरत नाही, वजनाने भरते. एखाद्या दुकानाचा जाहिरातीचा मेल साधारण ७५ केबीचा धरला, तर १ जीबी सोडवायला असे १३-१४ हजार मेल पुसावे लागतील. तेवढीच जागा २० एमबीचे ५० मेल पुसून मिळते. त्यात मेलमध्ये जोडलेली फाईल पाठवताना तिचे साध्या अक्षरांत रूपांतर करावे लागते आणि त्यात तिचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. १५ एमबीचा व्हिडिओ मेलमध्ये २० एमबीचा होऊन बसतो. हाच व्हिडिओ तुम्ही आलेल्या मेलला उत्तर न देता दुसऱ्याला फॉरवर्ड केलात, तर तुमच्याच खात्यात तो दोनदा मोजला जातो, एकदा आलेला आणि एकदा पाठवलेला.

शोधपेटीच्या उजव्या टोकाला एक छोटे चिन्ह असते, त्यावर दाबले की तपशीलवार शोधाचा तक्ता उघडतो. त्यात साइझच्या ओळीत ‘ग्रेटर दॅन’ ठेवून १० लिहा आणि एकक एमबी निवडा. सर्चच्या ओळीत ऑल मेल असू द्या, म्हणजे पाठवलेले मेलही येतील. शोध दाबा. १० एमबीपेक्षा जड असे सगळे मेल समोर येतात. तेच काम शोधपेटीत लार्जर हा शब्द, लगेच कोलन, लगेच १० आणि एम असे सलग इंग्रजीत लिहूनही होते.

ही यादी लांब नसते, आणि इथे घाई करू नका. एकेक मेल उघडून पाहा. लग्नाच्या फोटोंची मूळ प्रत फोटोग्राफरच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, तर मेल पुसा. देवस्थानच्या अहवालाची पीडीएफ समितीकडे आहे, पुसा. मुलीच्या प्रवेशासाठी पाठवलेली मार्कशीटची मोठी स्कॅन, मूळ कपाटात आहे, पुसा. शंका आली तर डाउनलोड करा आणि मग पुसा. जीमेलमध्ये मेल ठेवून त्यातली नुसती अटॅचमेंट काढून टाकता येत नाही. मजकूर हवा आणि फाईल नको असेल तर मेल स्वतःलाच फॉरवर्ड करा, फॉरवर्ड करताना अटॅचमेंट काढा, आणि मूळ मेल पुसा. तारखेला महत्त्व असलेल्या मेलला मात्र हा उपाय लावू नका, कारण फॉरवर्डवर आजची तारीख पडते.

१० एमबीचे झाले की तक्त्यात ५ लिहा, मग २. बहुतेकांचे काम ५ पर्यंत येईतो होऊन जाते.

पाठवलेल्या मेलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या दहा वर्षांत पंचायतीत, मामलेदार कार्यालयात, बँकेत, विमा एजंटला किती स्कॅन पाठवले असतील ते आठवा. झेरॉक्सच्या दुकानात ‘या मेलवर पाठवा, प्रिंट काढतो’ म्हणतात आणि आपण आधार, पॅन, पासबुक पाठवतो. ते मेल आपल्या सेंटमध्ये तसेच पडून असतात. शोधाच्या तक्त्यात सर्चच्या ओळीत सेंट निवडा, ‘हॅज अटॅचमेंट’ला टिक करा आणि त्यातले असे मेल निवडून पुसा. जागा तर सुटतेच, शिवाय उद्या कोणाच्या हाती खाते गेले तर तुमचे ओळखपत्र आयते सापडणार नाही.

एकाच पत्त्यावरून आलेले ढीग

प्रमोशन्स टॅब उघडा. कोणाकोणाचे मेल वारंवार दिसतात ते पाहा: कपड्यांची दुकाने, विमान कंपन्या, नोकरीची संकेतस्थळे. एकाचे नाव धरून त्या पाठवणाऱ्याचा पत्ता शोधपेटीत टाका. त्याचे सगळे मेल आले की यादीच्या वरच्या चौकोनात टिक करा. यामुळे फक्त त्या पानावरचे, बहुधा ५० मेल निवडले जातात. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि पानामागून पान पुसत बसतात. टिक केल्यावर यादीच्या वर एक ओळ उमटते, ‘सिलेक्ट ऑल ... दॅट मॅच धिस सर्च’ अशी. तिच्यावर दाबा म्हणजे त्या शोधात बसणारे सगळे निवडले जातात, पाच हजार असले तरी. मग डिलीट.

शोधाच्या शेवटी जागा सोडून वजाबाकीचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘इझ कोलन स्टार्ड’ हे इंग्रजीत लिहिले, तर चांदणी लावलेले मेल यादीतून वगळले जातात. ही सवय ठेवा.

अख्खा प्रमोशन्स टॅब एका दणक्यात पुसायचा मोह टाळा. जीमेल कधीकधी हॉटेलचे बुकिंग किंवा शिक्षणसंस्थेची सूचनाही तिथे टाकते. अपडेट्स टॅबला तर घाऊक हात लावूच नका. बँकेची विवरणपत्रे, विम्याच्या पावत्या, आयकर खात्याची पत्रे तिथेच असतात. त्यांच्या पीडीएफ बहुतेक लहान असतात, त्या पुसून फारसे काही मिळत नाही. सोशल टॅब मात्र निर्धास्त रिकामा करा.

आर्काइव्ह हे बटण जागा मोकळी करत नाही. ते मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला ठेवते, वजन तेवढेच राहते.

कचरा बाहेर टाका

पुसलेला मेल ट्रॅशमध्ये जातो, काहींकडे त्याला बिन असे नाव दिसते. तिथे तो ३० दिवस राहतो आणि तोवर जागा अडवतो. म्हणून सगळे पुसूनही आकडा हलला नाही असे वाटते. ट्रॅश उघडून वरच्या ‘एम्प्टी ट्रॅश नाऊ’ वर दाबा. त्याआधी एकदा यादीवर नजर फिरवा, कारण यानंतर मेल परत आणता येत नाही. स्पॅमही तसाच रिकामा करा. आकडा बदलायला कधी कधी एखादा दिवस लागतो.

फोटो आणि ड्राइव्ह

वर उतरवलेल्या आकड्यांत फोटोज मोठे असतील तर एक तारीख लक्षात ठेवा: १ जून २०२१. त्याआधी ‘हाय क्वालिटी’ या प्रकारात चढवलेले फोटो १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. ते पुसून काहीच मिळणार नाही, उलट आठवणी जातील. जागा अडवतात ते त्यानंतरचे आणि मूळ दर्जात चढवलेले, आणि त्यातही मुख्यतः व्हिडिओ. स्टोरेजच्या पानावर मोठ्या फोटो-व्हिडिओंची यादी वजनाच्या क्रमाने मिळते, तिथूनच काम करा. गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो बहुतेक वेळा फोनमधूनही जातो, तेव्हा आधी संगणकावर प्रत घ्या. संगणकावर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ आहे. ते मूळ दर्जातले फोटो थोडे हलके करून जागा सोडवते. घरगुती फोटोंना ते पुरेसे आहे, छायाचित्रकारांनी वापरू नये.

ड्राइव्हमध्ये डावीकडच्या स्टोरेजवर दाबले की फाईली मोठ्या ते लहान अशा लागतात. दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाईली तुमच्या जागेत धरत नाहीत, त्या काढून उपयोग नाही. ड्राइव्हचा ट्रॅशही वेगळा रिकामा करावा लागतो.

होमस्टे आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी

मोरजी, हरमल, पाळोळे या भागांत घरच्या चार खोल्या पर्यटकांना देणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. त्यासाठी पाहुणे पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच मेलवर पाठवतात. भारतीय पाहुणे आधार पाठवतात. हंगामामागून हंगाम जातात आणि इनबॉक्समध्ये शेकडो अनोळखी माणसांचे पासपोर्ट साठून राहतात.

इथे जागेपेक्षा मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. त्या माणसाने आपला पासपोर्ट एका रात्रीच्या नोंदीसाठी दिला होता. नोंद झाली, कायद्याप्रमाणे ठेवायचे ते रजिस्टरमध्ये आणि कागदावर राहिले, हिशेब मिटला, की इनबॉक्समधली प्रत पुसलीच पाहिजे. पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा हे काम हंगामाच्या हिशेबासोबत दरवर्षी उरकावे. नव्या हंगामापासून बुकिंगसाठी वेगळा मेल पत्ता काढा, घरच्या कागदांशी त्याची सरमिसळ नको. भारतीय पाहुण्यांकडे मास्क्ड आधार मागा. त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

पुन्हा भरू नये म्हणून

नको असलेल्या मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसते. ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर ते वापरा. २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय देणे गूगलने सक्तीचे केले आहे. अनोळखी स्पॅममधल्या लिंकवर मात्र दाबू नका. त्याने तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळते. तो स्पॅम म्हणून कळवा आणि सोडून द्या.

कुटुंबात फोटो आणि नाटकाचे व्हिडिओ वाटायचे असतील तर अटॅचमेंट पाठवू नका. एकाने ड्राइव्हवर ठेवावे आणि बाकीच्यांना लिंक द्यावी, म्हणजे जागा एकाचीच जाते. बोटीवर नऊ-नऊ महिने असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी स्टोरेजचा आकडा पाहून जावे. समुद्रावरच्या नेटवरून ही सफाई होत नाही.

वडीलधाऱ्यांच्या खात्याचे आणखी एक काम याच बैठकीत करा. दोन वर्षे वापर नसलेले खाते गूगल काढून टाकू शकते, आणि दोन वर्षे जागेच्या मर्यादेबाहेर राहिलेल्या खात्यातला मजकूरही पुसला जाऊ शकतो. गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. त्यात विश्वासाच्या माणसाचे नाव घालता येते, म्हणजे खाते बराच काळ शांत राहिले तर त्याला कळवले जाते आणि ठरवलेला भाग उतरवून घेता येतो. घरातला कर्ता गेल्यावर त्याच्या मेलमधल्या कागदांसाठी झालेली ओढाताण मी अनेक घरांत पाहिली आहे. पाच मिनिटांच्या या कामाने ती टळते.

जागा विकत घ्यावी का?

वर्षानुवर्षाचे फोटो आणि व्हिडिओ हेच कारण असेल, तर घ्यावी. १०० जीबीची योजना महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपयांच्या घरात पडते आणि कुटुंबातल्या आणखी पाच जणांपर्यंत वाटून घेता येते. पण आधी सफाई करा. आणि पैसे भरणे थांबले की मर्यादा पुन्हा १५ जीबीवर येते हे लक्षात घेऊन जमिनीच्या कागदांची प्रत घरी ठेवाच.

सफाईनंतर लगेच

दुसऱ्या कोणाला तरी आपल्याला एक मेल पाठवायला सांगा आणि तो येतो का पाहा. खाते भरलेले असताना परत गेलेले मेल जागा झाल्यावर आपोआप येत नाहीत. त्या दिवसांत कोण काय पाठवणार होते त्याची यादी करा. वकील, बँकेची शाखा, सोसायटीचा सचिव, मुलाला बोटीवर पाठवणारी एजन्सी, विमा कंपनी यांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगा. सुरुवात मुदत असलेल्या कामापासून करा: सुनावणीची तारीख, विम्याचा हप्ता, परीक्षेचे प्रवेशपत्र.